चढाई संपल्यावर सगळेच कोच!

खरं सांगा, टीव्हीसमोर बसून तुम्ही आजवर किती कोचना घरी पाठवलंय? मी तर मोजणं सोडून दिलंय. पण परवा एका कोचने मला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हा लेख.

३१ ऑक्टोबरचा शुक्रवार आठवतोय? प्रो कबड्डीच्या बाराव्या पर्वाची फायनल होती. दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये दबंग दिल्ली विरुद्ध पुणेरी पलटण. आणि इकडे रोडपालीत तलावापासून जवळच, चहाच्या टपरीवर, एका फोनभोवती आम्ही नऊ जण. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला. मागे ट्रकचे हॉर्न, आणि वारा फिरला की तळोजा एमआयडीसीचा तो नेहमीचा वास. इथे राहणाऱ्यांना त्या वासाचं काही वाटत नाही. सामना रंगात आला की तर अजिबातच नाही.

पलटण ३१-२८ अशी हरली. शेवटच्या क्षणी आदित्य शिंदेची पकड झाली. ती पकड केली फझल अत्राचलीने. पुढचं सेकंदभर कुणी काही बोललं नाही. मग एकदम सगळेच बोलायला लागले.

"आदित्यलाच का पाठवलं?"

"अरे, दोन दिवसांपूर्वी त्यानेच जिंकून दिलं होतं ना!"

"म्हणूनच! समोरच्यांना माहीत होतं तोच येणार."

"हा अजय ठाकूर प्लेअर म्हणून बाप होता, पण कोच म्हणून..."

हे शेवटचं वाक्य मी म्हटलं होतं. लपवून काय करू?

मुंबई की पुणे? आम्ही मधले

तुम्ही म्हणाल, रोडपालीची पोरं पुण्याच्या संघासाठी एवढी का हळहळतात? तर त्याचं असं आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे सुरू होतो आमच्या कळंबोलीतून. त्यामुळे आमच्या टपरीवर अर्धे यू मुंबाचे आणि अर्धे पलटणचे. यू मुंबाने २०१५मध्ये, म्हणजे दुसऱ्या पर्वात, विजेतेपद पटकावलं तेव्हा आम्ही शाळेत होतो. अनुप कुमार कॅप्टन. तिसऱ्या चढाईला मुंबईचा रिशांक देवाडिगा निघाला की घरातली मोठी माणसंसुद्धा जेवण थांबवायची. पलटणला मात्र पहिल्या विजेतेपदासाठी १ मार्च २०२४ची वाट बघावी लागली. हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय. अस्लम इनामदार कॅप्टन आणि बी. सी. रमेश कोच.

यंदा दोन्ही गटांना भांडायला एकच विषय मिळाला, नवे कोच! यू मुंबाकडे राकेश कुमार आले, पलटणकडे अजय ठाकूर. दोघंही भारताकडून खेळलेले मोठे खेळाडू. मुंबा प्ले-इनमध्ये पटणा पायरेट्सकडून हरली आणि बाहेर पडली, त्यामुळे त्या बाजूचं भांडण लवकर संपलं. पलटण साखळीत अव्वल राहिली, फायनलपर्यंत गेली. म्हणून ठाकूरचा हिशेब शेवटपर्यंत चालला.

ठाकूरची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. २०१६च्या विश्वचषकाची फायनल, अहमदाबाद. समोर इराण. मध्यंतराला आपण मागे होतो, आणि मग या माणसाने सामना फिरवला. भारत ३८-२९ असा जिंकला, त्यात ठाकूरचे १२ गुण. त्या इराणच्या संघात फझलही होता. पुढे हाच फझल यू मुंबाचा कॅप्टन झाला, २०२२मध्ये पलटणचाही झाला, आणि आता दिल्लीकडून त्याने पलटणचाच घास काढून घेतला. दिल्लीचे कोच जोगिंदर नरवाल आणि ठाकूर हे आठव्या पर्वात एकाच विजेत्या दिल्ली संघात होते. म्हणजे त्या रात्री सगळे जुने ओळखीचेच समोरासमोर होते. नवीन होती ती फक्त खुर्ची.

हेल्मेटमधला आवाज

आमच्यात एक जण अमेरिकन फुटबॉल बघतो. (प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच.) त्याने सांगितलं की तिकडे हेड कोचच्या हाताखाली आक्रमणाचा वेगळा कोच असतो, ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर. पुढचा डाव कुठला खेळायचा, बॉल फेकायचा की घेऊन पळायचं, हे अनेक संघांत तोच ठरवतो. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. डाव सुरू करायला ४० सेकंद मिळतात, त्यातले शेवटचे १५ उरले की स्पीकर बंद. पुढचं खेळाडूने बघायचं. आणि हरल्यावर तिकडचे फॅन्स पहिला कुणाला धरतात? त्यालाच. "हा डाव निवडलाच कसा?"

म्हणजे चहाची टपरी तिथेही आहे, फक्त इंग्रजीत.

कबड्डीत हेल्मेट नाही, स्पीकर नाही. पण निवड तीच आहे. कोण जाणार? कुठल्या कोपऱ्यावर जाणार? गुण आणायचा की वेळ काढून परत यायचं? नियम थोडक्यात सांगते, ज्यांना माहीत आहेत त्यांनी पुढे सरकावं. एक चढाई ३० सेकंदांची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. तिच्यात गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस मिळतो. समोर तिघं किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी पकडलं, तर ती अव्वल पकड, त्यांना दोन गुण. अख्खा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण जादा.

आता या चार-पाच नियमांवर कोच काय काय खेळतो बघा. आघाडी असेल तर तो मुद्दाम दोन रिकाम्या चढाया काढतो, घड्याळ खातो आणि तिसरीला ठरावीक माणूस पाठवतो. समोर तिघं उरले असतील तर त्यांना संपवून लोण द्यायचा मोह होतो, पण तिथेच अव्वल पकडीचा सापळा असतो. पाच जण उरले असतील तर बोनस विसरा, अंगाला हात लावूनच यावं लागतं. तुम्हाला आणि मला स्क्रीनवर एक माणूस उड्या मारताना दिसतो. बेंचवर बसलेल्याच्या डोक्यात मात्र हा सगळा हिशेब चालू असतो.

आणि टायब्रेकर तर निव्वळ कोचची परीक्षा. दोन्ही संघांना पाच-पाच चढाया, पाच वेगवेगळ्या खेळाडूंनी करायच्या. निदान रेषाच बोनस रेषा धरायची. बाद झालेला बाहेर जात नाही, फक्त गुण मोजायचे. म्हणजे पाच नावं कुठली आणि कुठल्या क्रमाने, हाच खेळ. पहिल्या क्वालिफायरमध्ये पलटण आणि दिल्ली ३४-३४ असे बरोबरीत होते. टायब्रेकर दिल्लीने ६-४ असा जिंकला. त्या रात्रीपासून आमच्या टपरीवर ठाकूरविरुद्धची फाइल उघडलेली होती. मग दुसऱ्या क्वालिफायरमध्ये आदित्यने एकट्याने २२ गुण काढले, पलटणने तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवलं आणि आम्हीच फाइल बंद केली. "काय कोच आहे!" दोन दिवसांनी पुन्हा उघडली.

कोच तोच, चढाईपटू तोच. बदलला तो फक्त निकाल.

आमच्यात एक काका असतात. पंचवीसेक वर्षांपूर्वी गावच्या संघात डावा कोपरा सांभाळायचे, आता स्टील मार्केटमध्ये मुलाच्या ट्रकचा हिशेब बघतात. ते फायनलभर एक शब्द बोलले नव्हते. उठताना म्हणाले, "बाला, चढाई संपल्यावं सगलेच शाने. आदी बोल ना!"

मी हसण्यावारी नेलं.

मग आमच्याच घरात झालं

आता थोडं वेगळं सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावागावांत कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात. रात्रीचे सामने, प्रकाशझोत, माइकवर न थकणारा निवेदक, बाजूला भुर्जीपावची गाडी. माझा मामेभाऊ आमच्या इथल्या एका संघातून खेळतो. वय १९, चढाईपटू. अजून 'स्टार' नाही. स्टार दुसरा आहे, सगळी गर्दी त्याच्याच नावाने ओरडते.

यंदा त्यांच्या संघालाही नवे सर आले. स्वतः चढाईपटू म्हणून खेळलेले, बोलायला कमी.

पहिलीच स्पर्धा, तळोज्याकडच्या एका गावात. उपांत्य सामना. आपण एका गुणाने मागे. शेवटचं मिनिट-दीड मिनिट उरलेलं. आपल्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या. आता तिसरी, करो या मरो. समोर पाच जण. स्टार मॅटवर उभा आहे. गर्दी त्याचं नाव घेतेय. आणि सरांनी हात केला माझ्या मामेभावाला.

तो गेला. उजव्या कोपऱ्यावर पाय टाकला. कोपऱ्याने घोटा धरला, बाकीचे अंगावर आले. मध्यरेषेपासून दोन हातांवर तो तोंडघशी पडला. खेळ खल्लास.

मी स्टँडमध्ये होते. हातात फोन. फोटो माझ्याकडे होता, राग होता आणि मास कॉमची पदवी होती. घरी पोचेपर्यंत मीम तयार. खाली पडलेला माझा भाऊ आणि वर ओळ: 'हरवले आहेत : एक गुण आणि सरांचं डोकं.' आमच्या ग्रुपवर टाकलं. हसणाऱ्या स्मायलींचा पाऊस. तिथून ते कुठे कुठे गेलं, मला माहीत नाही.

मला वाटत होतं, मी सरांवर बोलतेय. पण फोटो कुणाचा होता? दुसऱ्या दिवशी मामी म्हणाली, "तो जेवला नाय." तिसऱ्या दिवशी तो प्रॅक्टिसला गेला नाही. मी त्याला फोन केला, तर एवढंच म्हणाला, "ताई, तू तरी दुसरा फोटो घ्यायचा ना."

यावर मी काय बोलणार होते? मीम डिलीट केलं. पण ग्रुपवरून डिलीट केलेली गोष्ट जगातून डिलीट होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

सरांचा प्रश्न

चौथ्या दिवशी मी मैदानावर गेले. सरांची माफी मागायला, आणि खरं सांगायचं तर थोडं जाब विचारायलाही. मनात ते होतंच. विचारलं, "सर, स्टार मॅटवर असताना त्याला का नाही पाठवलं?"

ते शांतपणे म्हणाले, "त्याचा घोटा गेला होता. आधीच्या चढाईत. उभा राहू शकत होता, वळू शकत नव्हता. तुला दिसलं का?"

नव्हतं दिसलं.

"समोरच्यांनाही दिसलं नाही. म्हणून त्याला मॅटवर ठेवला. बाहेर काढला असता तर त्यांना कळलं असतं. ते त्याचीच वाट बघत होते. तुझा भाऊ त्या कोपऱ्याकडून सुटतो, प्रॅक्टिसला रोज सुटतो. त्या दिवशी नाही सुटला."

मला वाटलं, संपलं. चूक माझी, बरोबर ते. पण सर पुढे बोलले, आणि तोच तो प्रश्न.

"सगळे तिसऱ्या चढाईचं विचारतात. दुसरी रिकामी का जाऊ दिली, हे कोणी विचारलं का? एका गुणाने मागे होतो, वेळ कमी होता, आणि तेव्हा समोर सहा जण होते. बोनस घेता आला असता. मी 'थांब' म्हणालो. बरोबरी झाली असती. ती माझी चूक होती. मीम करायचं तर त्याच्यावर करायचं होतंस."

मी त्या सामन्याचा व्हिडिओ घरी पुन्हा बघितला. माझ्याच फोनमध्ये होता. दुसरी चढाई चालू असताना माझा कॅमेरा गर्दीवर फिरत होता. म्हणजे ज्या क्षणी सामना हातातून गेला, तेव्हा मी मॅटकडे बघतही नव्हते.

मग फायनलची आठवण झाली. आदित्यची शेवटची चढाई आम्ही शंभरदा उगाळली. पण दिल्ली पुढे गेली होती ती पहिल्याच सत्रात. त्यानंतर पलटण कायम पाठलागच करत होती. शेवटच्या चढाईला कोणालाही पाठवलं असतं तरी तो आधीचा खड्डा भरूनच पुढे जायचं होतं. त्या पहिल्या वीस मिनिटांबद्दल टपरीवर एक वाक्य कुणी बोललं नव्हतं. का? कारण तेव्हा चहा येत होता, लोक येऊन बसत होते, नेटवर्क जात होतं. आम्ही कोचचा पेपर तपासला, पण फक्त शेवटचं पान.

कोचला बोलायचंच नाही का?

बोलायचं! तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. फॅनने टाळ्याच वाजवाव्यात असं मी म्हणत नाहीये. कोचलाही प्रश्न पडले पाहिजेत. सरांनीच तर स्वतःची चूक दाखवली. पण ती नेमकी होती, आमची बोंब मोघम होती. फरक तेवढाच.

त्यानंतर टपरीवर आम्ही एक नियम केलाय. श्रेय काकांचं. कोचच्या निवडीवर बोलायचं असेल तर चढाईच्या आधी बोलायचं. कोणाला पाठवशील, का पाठवशील, मोठ्याने सांगायचं. मग काय होतं ते बघायचं. करून बघा तुम्हीही. पहिल्या दहा मिनिटांत घाम फुटतो. आपण सुचवलेला खेळाडू मुळात बाहेर बसलेला असतो, किंवा समोर पाचच जण असताना आपण बोनस मागत असतो!

दुसरं म्हणजे, बोलण्याआधी समोरचे मोजायचे. सात, सहा, पाच, तीन. आकडा बदलला की बरोबर निवडही बदलते. वर लिहिलेले नियम आठवा. आकडा न बघता 'स्टारला पाठवा' म्हणणं सोपं असतं. ज्या पलटणने २०२४ची फायनल जिंकली, तिच्यात त्या पर्वाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम होता. पण फायनलच्या दिवशी सामना खेचला पंकज मोहितेने, एकाच चढाईत चार गुण आणून. सगळ्यांनी एकाच नावाचा धोशा लावला असता आणि कोचने तो ऐकला असता, तर?

आणि तिसरं, सरांचं. पकड झाली की एक चढाई मागे जायचं. जमलं तर दोन. चूक बहुतेक वेळा तिथे बसलेली सापडते, जिथे कुणी ओरडलेलं नसतं.

काकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुला टीव्हीन दिसतं ते खेलनाऱ्याला नाय दिसत. आनि त्याला दिसतं ते तुला नाय दिसत. दोगांनी जरा गप बसावं." मग स्वतःच हसले. काका गप्प बसतात, कारण त्यांनी मातीत गुडघे फोडून घेतलेत. आमचे गुडघे शाबूत आहेत, म्हणून तोंड चालतं.

अजय ठाकूरचं मूल्यमापन? आमच्या टपरीवर अजून एकमत नाही. नवा कोच पहिल्याच वर्षी संघाला साखळीत अव्वल आणतो, फायनलला नेतो आणि तीन गुणांनी हरतो. याला पास म्हणायचं की नापास, हे तुम्हीच ठरवा. मी 'कोच म्हणून...' असं म्हणून सोडलेलं वाक्य मात्र परत घेतलंय. पुढचं पर्व पहिल्या मिनिटापासून बघेन, मग ते पूर्ण करेन.

मामेभाऊ पाचव्या दिवशी प्रॅक्टिसला गेला. मी सांगितलं म्हणून नाही. सर त्याच्या घरी गेले, मामीच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, "उद्या सहाला ये, तो कोपरा परत करू." बस्स.

गेल्या शनिवारी पुन्हा सामना होता. दुसरं सत्र, पुन्हा करो या मरो. समोर सहा जण. सरांनी पुन्हा त्यालाच हात केला. मागून एक जण ओरडला, "अरे, त्याला कशाला?"

काका मागे वळले. "मंग कोनाला? बोल पटकन."

तो गप्प झाला. मी फोन खिशात ठेवला आणि समोरचे मोजले. सहा. म्हणजे बोनस आहे. मोठ्याने म्हणाले, "बोनस घे आणि ये."

तो बोनस घेऊन आला.

माझं बरोबर आलं म्हणून मी उड्या मारल्या, तर काका म्हणाले, "एक बरोबर आला. आता पुडचा सांग."